तुझ्या परातीतला घास

हिरुत,

तुझ्या शोकसभेला सोसायटीचा हॉल भरला होता. आमच्या वार्षिक सभेला कधी कोरम होत नाही, अर्धा तास थांबून त्याच चार टाळक्यांत सभा उरकतात. तुझ्यासाठी मात्र गच्चीवरून जादा खुर्च्या आणाव्या लागल्या. टेबलावर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार. झेंडूच्या वासाने तुला शिंका यायच्या हे तिथे फक्त ज्योतीला आणि मला माहीत होतं. आगाशेबाई, म्हणजे तुझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या आणि आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरी, माइक हातात घेऊन म्हणाल्या, "हिरुत आमच्या घरातलीच होती."

मी ज्योतीचा हात इतका करकचून धरला की ती "अव माय!" म्हणून ओरडली. लोकांना वाटलं तिला हुंदका आला.

घरातली म्हणे! डेंग्यूने तुला आठवड्याभरात नेलं, तुझा भाऊ येऊन तुला परत इथिओपियात, अदिस अबाबाला घेऊन गेला, आणि विमान उडायचा अवकाश, तू लगेच घरातली झालीस. आता घरातली म्हणजे कशी होतीस ते मी सांगते. तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की म्हणतात, जाऊ द्या हो वृंदाताई, गेलेल्या माणसाबद्दल कशाला. अहो, गेलेल्या माणसाबद्दल कोण बोलतंय? मी मागे राहिलेल्यांबद्दल बोलतेय.

आमच्या बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून युनियनने आधी घोषणा दिल्या आणि मग आम्हाला गुपचूप क्लास लावायला सांगितलं, ते दिवस आठव. तेव्हा पुण्यात झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एक तरी कॉम्प्युटर क्लास असायचाच. ज्योती आणि मी, दोघी बँकेतल्या, एकीला अकोल्याहून बदलून आल्यामुळे पुण्याचा राग, दुसरीला पुण्यातच जन्मल्यामुळे सगळ्याचाच राग. शिकवायला तू. एम.एस्सी. करता करता संध्याकाळी क्लास घेणारी, उंच, मऊ आवाजाची मुलगी. मी कीबोर्डवर बोटं आपटत होते तर म्हणालीस, "त्याला रागावू नका, त्याला ऐकू येत नाही." तेव्हा इंग्रजीत म्हणालीस. पुढे मराठी शिकलीस आमच्याकडून, म्हणजे पहिल्यांदा टोमणे शिकलीस आणि मग क्रियापदं.

डबा उघडलास त्या दिवशीच आपलं जमलं. तपकिरी, मऊ, जाळीदार काहीतरी, सुरळी करून ठेवलेलं. मी म्हटलं, घावन का? तू म्हणालीस, इंजेरा. सोबत लालभडक काहीतरी घट्ट. ज्योतीने बोट लावून चाखलं आणि डोळे विस्फारले. "वृंदे, हे तं पिठलं आहे! आपलं पिठलं!" तुमच्याकडे त्याला शिरो म्हणतात. हरभऱ्याचंच पीठ, फक्त तुझ्या आईने पाठवलेला बर्बेरे मसाला घातलेला, तो इतका तिखट की अकोल्याच्या बाईलाही पाणी प्यावं लागलं. पुण्यात कुणी तिला तिखटात हरवलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवसापासून ती तुझी झाली.

घर मिळेना तुला. एजंट फोनवर गोड बोलायचे आणि दारात तुला पाहिलं की त्यांना एकेक नियम आठवायचे. फॅमिलीलाच देतो. व्हेजच पाहिजे. मालक परगावी आहेत. परगावचा मालक आत बसून क्रिकेट बघत असायचा, आवाज दारापर्यंत यायचा! माझा भाऊ सॉफ्टवेअरच्या लाटेत अमेरिकेला गेला होता, त्याचा धनकवडीतला फ्लॅट माझ्या शेजारी रिकामा पडला होता. मी किल्ली तुझ्या हातात ठेवली आणि सोसायटीची तातडीची सभा लागली. कोरमसकट. आगाशेबाई म्हणाल्या, "आमचा विरोध नाही हो, पण वासाचं काय?" मी म्हटलं, कसला वास? त्या म्हणाल्या, "येईल ना."

तू यावर हसलीस. मी रात्रभर जळत होते आणि तू हसलीस. तिथपासून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तुमच्याकडचं टेफ नावाचं धान्य इथे कुठे मिळणार? नाचणी आणि ज्वारी एकत्र दळून बघू म्हणालीस. गिरणीवाला, मूळ इथल्याच गावठाणातला, डबा उघडून माझ्याकडे काळजीने बघत म्हणाला, "ताई, नाचणी न् ज्वारी एकत्र? कुणी आजारी हाय का घरात?" पीठ भिजवलं, झाकून ठेवलं. दोन-तीन दिवस थांबायचं म्हणालीस. थांबणं माझ्या रक्तात नाही. मी दुसऱ्याच दिवशी चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि फसफसलेलं पीठ ऐटीत तुझ्यापुढे धरलं. तू बोट बुडवून चाटलंस. "वृंदा, हे पीठ खोटं बोलतंय." ओतून दिलंस सरळ बेसिनमध्ये! पाणीकपातीचे दिवस, भांडं घासायला पाणी नाही, आणि तू माझं पीठ ओतून दिलंस.

दुसऱ्या खेपेला पीठ खरं आंबलं. वर साचलेलं पिवळट पाणी तू बरणीत काढून ठेवलंस, पुढच्या वेळचं विरजण म्हणून. बिडाच्या तव्यावर बाहेरून आत गोल गोल धार सोडलीस, भराभर भोकं पडली, झाकण ठेवलं. पुढचा इंजेरा मला घालू दिलास. मी घातला, आणि सवयीने उलथनं घालून झटक्यात उलटवला. केवढ्याने किंचाळलीस! मला वाटलं हात भाजला. त्या भोकांना तुमच्याकडे डोळे म्हणतात. उलटवला की डोळे मिटले, मग रस्सा मुरणार कुठे? घावन, धिरडं, थालीपीठ, आमचा जन्म उलटण्यात गेलेला. कितीतरी रविवार ज्योती माझं मनगट धरून उभी राहायची.

आणि तो कांदा. कोरडाच परतायचा, तेल नाही, मोहरी नाही, हिंग नाही. मी तेलाची बाटली घेऊन ताटकळत. "फोडणी?" "नंतर." "नंतर म्हणजे कधी?" "कांदा सांगेल." ज्योती म्हणाली, एवढ्या वेळात माझ्या सासूने दोन लग्नं जमवली असती. बुधवार-शुक्रवारी तुझा उपास असायचा, तेव्हा तर आपण हसून लोळायचो. तुझ्या उपासाला डाळ चालते, तूप चालत नाही. माझ्या उपासाला तूप चालतं, डाळ चालत नाही. दोघींचे देव एका टेबलावर बसले तर उपाशीच उठतील, असं तू म्हणाली होतीस.

पहिल्या रविवारी सगळं तयार झालं आणि तू मोठं ताट मागितलंस. माझ्याकडे एवढं मोठं ताट कुठलं, मी कणीक मळायची परात दिली. तू तिच्यात इंजेरा अंथरलास, वर शिरोचा ढीग, मसुरीचा ढीग, पालेभाजीचा ढीग. मी ताटल्या काढायला लागले तर म्हणालीस, "ताटल्या कशाला? बसा." परातीभोवती तिघी जमिनीवर. मग तू एक तुकडा तोडलास, शिरोत गुंडाळलास आणि तो बचकभर घास माझ्या तोंडासमोर धरलास. तुमच्याकडे याला गुर्शा म्हणतात. मी म्हटलं, अगं मी खाते ना. तू हात हलवला नाहीस. घास पुढे केला की हात मागे घ्यायचा नसतो म्हणालीस, आणि समोरच्याने तोंड उघडायचं असतं, मग त्याने उलट आपल्याला भरवायचं असतं. नाही घेतला तर त्यासारखा अपमान नाही. मला याआधी घास भरवला होता तो लग्नात नवऱ्याने, आणि तोही फोटोग्राफरने सांगितलं म्हणून. मी तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं, बर्बेरेमुळे, असं तेव्हा म्हटलं.

त्या दिवशी तू तुझ्या आईच्या अंगणाबद्दल सांगितलंस. नव्या वर्षाच्या दिवशी शेजारपाजार एका ताटाभोवती बसतो, एकमेकांना भरवतो, मग वर्ष सुरू झालं म्हणायचं. तुला इथे तेवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आपल्या मजल्याने एका परातीत जेवावं. पगारवाढ मागितली नाहीस, कौतुक मागितलं नाहीस. शेजारणीने तुझ्या हातचा एक घास खावा एवढंच!

शेजारणीने काय केलं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुला बोलावलं, हो, बोलावलं. सगळ्यांना स्टीलच्या डिशमध्ये मटारची उसळ, तुला कागदी. वर म्हणाल्या, "तुला धुवायचा त्रास नको." जसं काही आम्ही बाकीच्या बायका घासणी घेऊन गेलो होतो! तिळगूळ तुझ्या तळहातावर वरून सोडला, बोटं लागणार नाहीत अशा बेताने. आणि तू म्हणालीस, "उसळ छान झालीय." जिन्यात मी तुला अक्षरशः हलवलं. म्हटलं, तुला कळत नाही का? तू म्हणालीस, "कळतं. उसळ खरंच छान होती."

तुमचं नवं वर्ष सप्टेंबरात, बहुतेकदा आमच्या गणपतीच्या आसपास. सोसायटीचा आनंदमेळा तेव्हाच, घरोघरच्या बायका एकेक पदार्थ करून टेबल लावतात. तू नाव दिलंस. तीन दिवस पीठ आंबवलंस, सगळं उपासाचं केलंस, म्हणजे दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, मांसाचा तर प्रश्नच नाही, कुणाला बोलायला जागा नको. टेबलावर माझी परात मांडलीस. आणि आम्ही खाली येऊन बघतो तर टेबलाला पाटी. "सूचना : येथील पदार्थ परदेशी व आंबवलेला आहे. ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर खावा. सोसायटी जबाबदार नाही." शेजारच्या टेबलावर आगाशेबाईंच्या जावेची इडली. ती काय झाडावरून ताजी तोडून आणली होती?

लोक आले. वा वा, किती युनिक म्हणाले. कागदी प्लेट आहे का? तू म्हणायचीस, नाही, बसा ना, एकत्र खाऊ. मग त्यांना कुणीतरी हाक मारल्यासारखं व्हायचं. उष्टं, दुसरं काय! याच बायका लग्नात नवरा-नवरीचे घास भरवताना उखाणे घ्यायला लावतात आणि टाळ्या वाजवतात. आगाशेबाई देखरेख करत आल्या तेव्हा तू घास गुंडाळून त्यांच्यापुढे धरलास. त्या म्हणाल्या, "माझा उपास आहे गं." तुझा हात तसाच. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या, साबुदाणा वडा नव्हे, इडली खाल्ली, मी बघत होते! तुझा हात तसाच. शेवटी मी मध्ये येऊन तो घास तोंडात घेतला. चव लागली नाही.

एवढं झाल्यावर कुणीही नाद सोडला असता. तू पुढच्या वर्षी पुन्हा मांडलीस परात. त्याच्या पुढच्या वर्षीही. हिंजवडीच्या कंपनीत लागलीस, पहाटे बसला जायचीस, अंधारात यायचीस, तरी त्या दिवसांत रजा काढून पीठ भिजवायचीस. पाटी तीच असायची, त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली होती.

आणि तो फोटो! आगाशेबाईंचा मुलगा कॅलिफोर्नियात. त्याने ईमेलवर फोटो पाठवला, मित्रांबरोबर कुठल्याशा इथिओपियन हॉटेलात, मोठ्या ताटाभोवती सहा जण, सगळ्यांचे हात त्यात. आगाशेबाई प्रिंट काढून माझ्याकडे आल्या. "बघा, तिकडे किती फेमस आहे. रांगा लागतात म्हणे." तू माझ्याच स्वयंपाकघरात कांदा परतत होतीस. मी म्हटलं, "आगाशेबाई, ते समोरच्या दारात मिळतं, रांग नाही." त्यांना खरोखर कळलं नाही मी काय म्हणाले ते. तू फोटो हातात घेऊन नीट बघितलास आणि म्हणालीस, "काकू, यांनी इंजेरा जाड घातलाय." बस. एवढंच बोललीस. मला तुझा गळा दाबावासा वाटला, आणि त्यांचाही, आणि त्या मुलाचाही.

मागच्या सप्टेंबरात आपण खरंच भांडलो. मी म्हटलं, या वर्षी खाली परात नेलीस तर मी येणार नाही. त्यांच्या दारात आणखी किती वर्षं हात पसरणार आहेस? तू म्हणालीस, हात पसरत नाही, हात पुढे करते. मी म्हटलं, फरक त्यांना दिसत नाही. तू म्हणालीस, "मला दिसतो ना." मी चिडून म्हटलं, जा, तुझं पीठ त्यांच्यासाठी आंबव आयुष्यभर. तू परात उचलून एकटी जिना उतरलीस. मी गॅलरीतून बघत राहिले. मग ज्योतीने माझी कानउघाडणी केली आणि मी धुसफुसत खाली आले, तुझ्याशेजारी बसले, पण एक शब्द बोलले नाही. तू मला भरवलंस. मी तुला भरवलं. भांडण मात्र तसंच राहिलं. तुझं म्हणणं होतं की आज ना उद्या कुणीतरी तोंड उघडेल. माझं म्हणणं होतं की ही माणसं तू मेल्यावरच तोंड उघडतील, आणि तेही भाषणाला.

मला जिंकायचं नव्हतं गं हे भांडण.

हॉस्पिटलात तुला धड बोलता येत नव्हतं, तेव्हाही बरणीची चौकशी केलीस. विरजण मरू देऊ नकोस म्हणालीस. नाही दिलं. शोकसभेच्या दिवशी सकाळी त्याच्यातूनच ज्योतीने आणि मी इंजेरे घातले. बुधवार होता, तुझा उपास, म्हणून शिरो, मसूर, पालेभाजी. कांदा कोरडा परतला, सांगेपर्यंत थांबले. सभेला न्यायचा विचारही नव्हता. संध्याकाळी दोघींनीच परातीपुढे बसायचं, रडायचं तर तिथे, असं ठरवलं होतं.

पण "घरातलीच होती" ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. उठले, वर गेले, परात उचलली, खाली आले. झेंडूचा हार बाजूला सारून तुझ्या फोटोसमोर ठेवली. माइक नको होता मला. म्हटलं, "घरातली होती ना? तिच्या घरात सगळे एका ताटात जेवतात. या."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, वृंदाताई, प्लेट्स आणायच्या का? मी म्हटलं, "नाहीत प्लेट्स. तिनेही कधी ठेवल्या नाहीत." ज्योती येऊन माझ्या बाजूला उभी राहिली, पदर खोचून, दोन हात करायच्या तयारीत. आगाशेबाई माइक धरून तशाच. मी एक तुकडा तोडला, शिरोत गुंडाळला, तुझ्यासारखा बचकभर, आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. सगळ्यांसमोर. मनात म्हटलं, म्हणा आता उपास आहे, म्हणाच. या वेळी मी ऐकून घेणार नव्हते.

त्यांनी माइक खाली ठेवला. आणि तोंड उघडलं.

बर्बेरेने चेहरा लाल झाला, ठसका लागला, डोळे वाहायला लागले, पण गिळला त्यांनी घास. "आंबट आहे," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "चांगला आहे गं."

हिरुत, तुला वाटेल मला बरं वाटलं. छे! असा संताप आला की उभं राहवेना. एवढंच होतं? एवढंच करायचं होतं, तोंड उघडायचं होतं, त्याला एवढा वेळ लागतो? तू जिवंत होतीस, समोरच्या दारात होतीस, दर सप्टेंबरला हात पुढे करून उभी होतीस! आता फोटोसमोर रांग लागली. लोक येत होते, परातीतून तोडत होते, एकमेकांची बोटं एकमेकांना लागत होती आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, अगदी पिठल्यासारखं लागतं. ज्योती तोंड फिरवून रडायला लागली.

मी परात तिथेच सोडून निघणार होते. वळले तर समोर आगाशेबाई. कुणी शिकवलं त्यांना कोण जाणे, एवढी वर्षं लांबून तुझंच बघत असतील. त्यांनी घास गुंडाळला होता, वेडावाकडा, फाटका, आणि माझ्या तोंडासमोर धरला होता. शिरो बोटांवरून बांगड्यांपर्यंत ओघळला होता, तरी हात मागे घेतला नाही.

तू मला बघत होतीस फोटोतून, मला माहीत आहे काय म्हणत होतीस ते. तुझं ऐकणारच होते. पण तू किती वर्षं तशी उभी होतीस, हिरुत. मी आगाशेबाईंनाही थोडा वेळ तसंच हात पुढे धरून उभं ठेवलं.

मग तोंड उघडलं.